कानाडोळा

तांबट आळीत बहिरेपणाची कोणाला लाज नसते.
सासरे ठार बहिरे, चुलतसासरे डाव्या कानाने,
नवऱ्याला मी दोनदा सांगते, तिसऱ्यांदा हातवारे.
ठोक्याचा धंदा. कान त्यातच जातात,
गाळ्याच्या भाड्यासारखे.

म्हणून हर्षद हाकेला ओ देईना
तेव्हा म्हटलं, आळीचं वारं लागलं पोराला.

लघवी काळ्या चहासारखी झाली तेव्हा मात्र घाबरले.
सर्दी झाली की दुसऱ्या दिवशी तोच रंग.
उन्हाळी म्हणाले, धण्याचं पाणी दिलं.
खडा म्हणाले, सोनोग्राफीत खडा सापडेना,
तरी कुळथाचं कढण पाजलं महिनाभर.

मग मुंबई नाक्याच्या त्या बागूल डॉक्टरीणबाई.
जाडजूड फाइल त्यांनी पालथी ठेवली आणि विचारलं,
"घरात कोणी बहिरं आहे?"
मला हसूच आलं.
"बाई, अख्खी आळी."
त्या हसल्या नाहीत.
"हातोडा कधीच न धरलेलं, असं कोणी?"

दिगंबर.

माझा भाऊ. सीबीएसवर तिकीट खिडकीत बसायचा.
सिन्नर मागितलं की जुन्नर द्यायचा, शिव्या खायचा.
ओठ वाचायला शिकला,
तर लोक तोंडात पान धरून बोलायचे.
एकोणतिसाव्या वर्षी पाय सुजले, मग तोंड,
मग दिवाळीच्या आत गेलाच.
त्याचे कान आम्ही एका डब्यात भरले, किडन्या दुसऱ्या,
आणि दोन्ही झाकणं एकदम
कधी उघडली नाहीत.

बाईंनी कागदावर चौकोन आणि गोल काढले.
चौकोन पुरुष, गोल बाया.
दिगंबरचा चौकोन काळा केला.
हर्षदचाही करता करता पेन जरा थांबलं.
मग माझ्या गोलात, मधोमध, एक ठिपका दिला,
टिकलीएवढा.

काचेच्या खोलीत हर्षद कानाला यंत्र लावून बसला,
आवाज आला की बोट वर करायचं.
मी बाहेरून बघत होते.
बाईचा हात बटणावर, दिवा लागतोय,
दिवा लागतोय,
आणि बोट मांडीवर निवांत.

डोळेही तपासा म्हणाल्या. कान, डोळा, किडनी,
तिघांत एकाच विणीचा पडदा असतो.
कानाडोळा हा शब्द मी जन्मभर वापरला.
आणि तोच केला.

पाठीतून सुईने शेवईएवढा तुकडा काढला,
तो परगावी, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली.
गाळणीचा पडदा कुठे पातळ, कुठे जाड, पदर सुटलेले.
नवरा इतका वेळ गप्प होता. म्हणाला,
"पत्रा न तापवता ठोकला की असाच पापुद्रे धरतो."
"हो. पण हा कोणी ठोकलेला नाही," बाई म्हणाल्या,
"हा घडतानाच असा घडला."
त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.
पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"बरा होईल?"
"लांबवू."
एवढंच. एक पांढरी गोळी, प्रेशर नसताना प्रेशरची,
मीठ कमी, दर तीन महिन्यांनी रक्त.
दहा वर्षं, वीस वर्षं, सांगता येत नाही.
मी म्हटलं, वेळ आली तर माझी किडनी घ्या.
"आधी तुमची तपासू."
माझ्याही लघवीत रक्त निघालं,
डोळ्याला न दिसणारं,
किती वर्षांचं कोणास ठाऊक.

मशीन मिळालं त्या दिवशी रविवार कारंज्यापासून
पोरगं चालत आलं, कानावरचा हात काढेना.
आळीच्या तोंडाशी थबकलं.
बापाचा हातोडा पडत होता घंगाळावर.
म्हणालं, "आई,
ठोका पडून गेल्यावर मागे एक बारीक किणकिण राहते.
ती रोज असते?"

रोज असते रे.
मी कधी लक्ष दिलं नव्हतं.

बाटलीवर माझं नाव लिहून ठेवलंय.
सकाळची पहिली लघवी, सातच्या आत.